तिसरा रकाना

वहीत तीन रकाने आहेत :
पाहिली. मदत केली. स्वतः केली.
पहिल्या वर्षी पहिलाच भरून वाहिला.
एकशे बारा शस्त्रक्रिया पाहिल्या, म्हणजे
रिट्रॅक्टर ओढून धरत
दोन हिरव्या पाठींच्या फटीतून
एकशे बारा वेळा डोकावले.
खरं लिहायचं तर : पाठी पाहिल्या.

उलानबातारला जानेवारीत उणे तीस.
बाजारातून आणलेलं मेंढीचं गर्भाशय
पिशवीतच दगड होतं.
वसतिगृहात कोमट पाण्यात सोडलं की
दोन शिंगं हळूहळू उलगडतात.
सोलोंगो नाक मुरडते, मग स्वतःच सुई मागते.

डॉक्टर त्सेरेनल्हाम आल्या, आणि आधी आणलं
एक पुठ्ठ्याचं खोकं. आत जुना फोन, कॅमेरा म्हणून,
दोन लांब चिमटे, चिलगोजे.
"या वाटीतून त्या वाटीत. पन्नास.
पडलेले खायचे नाहीत."
जुने सर हसले. आम्ही रक्तातच शिकलो, म्हणाले.
कुणाच्या, ते कुणी विचारलं नाही.

बाबा मेंढी मारतात तेव्हा
छातीखाली वीतभरही नाही अशी चीर,
हात आत, डोळे मात्र डोंगराकडे.
अंधारात धमनी चिमटतात,
गवतावर थेंब नाही.
सात वर्षांची होते. त्यांच्या हातावर माझा हात,
मनगटापर्यंत ऊब,
आणि बोटांखाली काहीतरी थांबलं.
हे कुठल्या रकान्यात?

काल रात्री चाकू माझ्याकडे.
बाई समोर, हातमोज्यातले हात छातीशी धरून,
देवळात उभं राहावं तशा.
धमनीवर चिमटा लावणार, तर मूत्रवाहिनी दिसेना.
बोट लागलं की गांडुळासारखी सरकते ती.
काहीच सरकेना.
एकशे बारांत कुणी थांबलं नव्हतं.
"थांबते. मला दिसत नाहीये."
भूलतज्ज्ञांनी घड्याळाकडे पाहिलं.
बाई म्हणाल्या, "मग शोध."
दिवा तेवढा खाली ओढून दिला.

अकरा मिनिटं.
चिमट्यापासून नखभर अंतरावर
सरकली.

सकाळी नऊ नंबरच्या खाटेवरून
खारट चहाची मागणी आली.
उंटांकडे कोण बघतंय, हीही चौकशी.

तिसऱ्या रकान्यात मी एक लिहिला.
सही करताना बाईंनी समासात
एकच शब्द टाकला : थांबली.

खोक्याशी बसले मग. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
एकोणपन्नासावा निसटला.
इकडेतिकडे पाहिलं,
आणि खाल्ला.