सदतीस अंश

ईस्टरच्या सुट्टीत आईच्या अंगणात सेन्सर बसवला,
लिंबाच्या कुंडीच्या दोन हात वर.
शिडी तिनंच धरली होती.
मग मी बिल्बाओला परतलो, पावसात.

खिशात फोन थरथरायचा: अंगणात हालचाल.
फुएनसान्ताचं मांजर.
अंगणात हालचाल.
उन्हानं तापलेली, वाऱ्यानं डुललेली बोगनवेल.
मी संवेदनशीलता उतरवत नेली,
मांजराएवढं काही दिसूच नये इतकी.
तरी मध्यरात्री आई एकदा यायचीच,
तिकडे दिवा लागायचा,
इकडे मी कूस बदलायचो.

ऑगस्टात तीन रात्री काहीच नाही.
"कुठे होतीस?"
"अंगणातच की. खुर्ची टाकून.
तुझा दिवा मला ओळखत नाही."

त्याला माणूस कळत नाही, कळतो फक्त फरक,
अंगाच्या आणि भोवतालच्या उबेतला.
एसिहात रात्री साडेअकराला सदतीस अंश.
हवा आईएवढीच गरम.

म्हटलं, दुसरा आणतो, चांगल्यातला.
म्हणाली, राहू दे रे,
असं कुणाला न दिसता बसणं
बरं वाटतं कधीकधी.

चौथ्या रात्री पावणेबाराला फोन थरथरला.
उघडून बघतो तर झोतात ओली चादर,
नळाखालून नुकतीच काढलेली, गार,
आई दोन्ही हातांनी झटकतेय
थेट कॅमेऱ्यासमोर.
मग ती डोक्यावरून पांघरून
खुर्चीत बसली.

दोन मिनिटं काही हललं नाही.
दिवा विझला.