पन्नास मीटर

छपरात कोणीतरी राहतंय
हे बेरिल ट्रेझाइजला आधी छताने सांगितलं:
प्लास्टरवर चहासारखा डाग,
मग रात्री दहाला
बूट घालून फिरल्यासारखी पावलं,
आणि खोकला. घोगरा,
लेनच्या शेवटच्या हिवाळ्यातला.

ड्रागनने पिंजरा लावला, आत अर्धं सफरचंद.
पहाटे त्यात पॉसम:
गुलाबी नाक, ताठ कान,
शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखं,
आणि पोटाच्या पिशवीतून
बाहेर राहिलेला एक पाय, करंगळीएवढा.

"डोंगरात सोडून ये."
"कायद्यात बसत नाही. पन्नास मीटरच्या आत.
परक्या रानात टिकत नाहीत हो ही,
तिथल्या ढोल्यांना आधीच मालक असतात."

ढोली.
कुंपणाशी होता की एक निलगिरी,
बेरिलच्या आजेसासऱ्याहून म्हातारा.
पन्हळीत पानं साचतात म्हणून
लेननेच पाडून घेतला होता,
आणि ओंडक्याच्या पोकळीत
उबदार काहीतरी हललं होतं,
ते दोघांनीही पाहिलं नव्हतं.
असं ठरलं होतं.

ड्रागनने कौलांखालची फट बुजवली,
जर्दाळूवर लाकडी खोकं ठोकलं,
अंधार पडताच पिंजरा उघडला.
ती घाईने आत शिरली नाही.
खोक्याच्या कडेला आधी हनुवटी घासली,
मग छाती, सावकाश,
भाडेकरार वाचून सही करावी तशी.

रात्री छत गप्प.
दीड वाजता बेरिल उठली,
खिडकी वीतभर वर केली.
जर्दाळूतून खोकला आला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं हं,"
ती म्हणाली,
आणि खिडकी तशीच राहिली.