वरची कळ खाली असते

सावद्याच्या बुडालेल्या पतपेढीचं काउंटर
लिलावात कुणी घेत नव्हतं, मी घेतलं.
अस्सल सागवान.
चौघांनी उचलून दुकानात आणलं,
पाणबुडी मोटारींच्या रांगेत ठेवलं,
तेव्हा त्यावर अजून चिकटलेलं होतं:
कृपया रांगेत उभे राहा.
ते मी खरवडलं नाही.

मग त्याला भोकं पाडली.
सोळा बटणांची सोळा, अठ्ठावीस मिलिमीटरची.
दर भोकाला सागवान धुमसायचं
आणि खाली पडायची एक चकती,
बरोबर जुन्या मोठ्या रुपयाएवढी.

त्या रुपयात तेव्हा तीन जीव मिळायचे.
बसस्टँडमागे, सायकलच्या दुकानाला लागून,
मळक्या पडद्याआड.
पोरींनी आत जायचं नाही, असं कुणी लिहिलं नव्हतं.
लिहायची गरजच नव्हती.
लीलाधर आत असायचा, माझा भाऊ.
त्याचं दप्तर माझ्या मांडीवर,
आणि कोचूरची गाडी कधी लागते
यावर डोळे माझे.
खेळ मी पाहिलाच नाही.
फक्त ऐकला:
टकटक टकटक, मग एक लांब टक्,
मग लीलाधरची शिवी.

म्हणून बटणं घेताना मी रंग पाहिले नाहीत.
एकेक कानाशी धरून दाबलं.
कुरिअरचा पोरगा सही घ्यायला थांबलेला,
त्याला वाटलं असेल, बाईचं काहीतरी बिघडलंय.

पंपाची केबल जाड पडली.
वाइंडिंगची तांब्याची तार उघडी, नाजूक, नको.
शेवटी बंद पडलेल्या सायबर कॅफेचं नेटवर्कचं वेटोळं सोललं,
पोटात आठ रंगांच्या तारा,
नारिंगी, हिरव्या, कशाकशाला पांढरा पट्टा.
प्रत्येक कळीला तिची एक रंगीत,
आणि काळी मात्र सगळ्यांना मिळून एकच.
ती या कळीवरून त्या कळीवर जाते,
लग्नाचं आवतन घेऊन फिरणाऱ्या म्हातारीसारखी.
एक घर चुकलं
की पुढची आळी रुसून बसते.

रुबाब तडवी, माझा हाताखालचा,
वार्निशचा ब्रश घेऊन दारात उभा:
'काय करू राह्यली वं ताई?
कोनाची मोटार व्हय ही?
आन् पैसे कोन देईन?'
मी म्हटलं, पक्कड दे.

चार वाजता वीज गेली.
मे महिना, पत्रा तापून टणटण बोलत होता.
मोबाइलच्या उजेडात मी उताणी झाले काउंटरखाली,
टोकं दाबली, चोवीस कळा,
प्रत्येक तार एकदा ओढून पाहिली,
नळाखाली नवी सून घागर हलवून बघते तशी.

वीज आली. पडदा उजळला.
दांडी वर केली,
माणूस खाली गेला.
खाली केली, तर उडी.
रुबाब हसून हसून मोटारीवर टेकला.

सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोटारी उलट्या फिरताना
सुलट्या करून दिल्यात,
आणि एवढं ध्यानात आलं नाही:
दांडीचा कणा मधोमध टेकलेला असतो.
आपण वर ढकलतो तेव्हा तिचं बूड खाली सरकतं,
आणि दबते ती खालची कळ.
म्हणजे 'वर'ची तार खाली जोडायची.
कागदावर लिहून ठेवलं, अधोरेखित केलं,
तारा बदलल्या.

पहिल्या खेळात मी वीस सेकंदांत मेले.
दुसऱ्यात त्याहून लवकर.
रुबाब म्हणाला, 'ताई, सरक.'
मी रांगेच्या पाटीकडे बोट दाखवलं.

दिवाळीला लीलाधर येईल चिंचवडहून,
आता पोट सुटलेला, गुडघ्याला पट्टा.
त्याचं दप्तर, म्हणजे लॅपटॉपची बॅग,
मी आपणहून घेईन हातातून.
दुसऱ्या खेळाडूच्या बाजूला त्याला उभं करीन.

त्या बाजूच्या तारा
मी बदललेल्या नाहीत.

पडद्याकडे बघणारसुद्धा नाही.
पाठ करून बसेन, बॅग मांडीवर,
आणि ऐकेन:
टकटक टकटक, एक लांब टक्,
आणि मग.