प्रश्न एकोणचाळीसावा

प्रश्न असा आहे:
तुमच्या दवाखान्याचं कोण ठरवतं?
एक, स्वतः. दोन, नवरा. तीन, दोघं मिळून. चार, इतर.
सहा महिने मी हा प्रश्न घानाभर हिंडवला,
दक्षिणेत माझ्या तोंडून, उत्तरेत दुभाषीच्या.

कुमासीच्या बाजारात आफ्रियी
यामचे कंद मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पोट माझं दुखणार, मग ठरवायला शेजारी बोलावू?"
आजूबाजूच्या बायका खो-खो हसल्या.
मी टिपलं: एक.
तीन गाळे, दोन ट्रक;
इथे मूल आईच्या कुळाचं.
नवऱ्यालाही व्याजानं पैसे दिलेत,
हे तिनं न विचारता सांगितलं.
फक्त कुळाच्या जमिनीचा विषय निघाला तेव्हा
"ते मामाला विचारा," म्हणाली
आणि कंद पुन्हा मोजायला लागली,
पहिल्यापासून.

गुशेगूच्या पुढे डांबर संपतं,
मग मोटरसायकल, मग पाय.
हरमटानची धूळ दातांत करकरते.
सनातूच्या अंगणात दीर येऊन बसला,
पाहुणी आली म्हणून.
दोन, ती म्हणाली.
बाजाराला जायचं? दोन. माहेरी? दोन.
पुढे पुढे मी विचारायच्या आधीच दोन,
पाढा पाठ असल्यासारखं.

घरात माणसं किती?
अकरा. मग थांबून: बारा होती.
वुम्पिनी अक्राला गेली. ओझी वाहते.
वय?
तिनं बोटांची पेरं मोजली. चौदा.
पंधराच्या खालची आमच्या यादीत बाई नसते,
आणि घरात नसलेलं माणूस घरातलं नसतं.
मी अकरा लिहिले.

निरोप द्यायला ती कडुनिंबापर्यंत आली.
दिराची पाठ दिसेनाशी झाली तशी
कमरेच्या कापडाची गाठ सोडून दाखवली:
एक किल्ली.
शियाच्या बियांची नऊ पोती,
आणि गल्लीतल्या बायकांच्या भिशीची पेटी.
गेल्या साली जाऊ अडली होती,
तिला रातोरात तामालेला नेलं ते ह्या पेटीतून.
"कोणी ठरवलं?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी खूप शिकलेली आहे आणि जराशी मंद.
"लिहू नकोस," म्हणाली.
तिचा फॉर्म तर केव्हाच बंद झाला होता,
टॅब्लेटनं हिरवी खूण दाखवून मला शाबासकीही दिली होती.

अक्राचा बसतळ.
डोक्यावर घमेली घेतलेल्या पोरींचा घोळका.
मी बोलायच्या आत एकीनं माझी बॅग उचलली.
गुशेगूची का गं?
तिनं भाव सांगितला.
मी घासाघीस केली.
सवयीनं.
घरी पोचल्यावर लक्षात आलं,
नाव विचारायचं राहिलं.

आता नकाशा भिंतीवर लागलाय.
खाली गडद हिरवा, वर जात जात फिकट,
गुशेगूपाशी जवळजवळ कागदाचाच रंग.
"सेनाम, काम चोख झालंय," साहेब म्हणाले.
मला त्या फिकट जागेत
कमरेला बांधलेली किल्ली टोचत राहते,
आणि हिरव्यात, त्या घमेल्यांसाठी
रंगच नेमलेला नाही.

प्रशिक्षणात आम्ही सरावाला
एकमेकींनाच प्रश्न विचारले होते.
एकोणचाळीसाव्याला मी पटकन म्हणाले होते, एक.
पदवी होती, पगार होता, विचार काय करायचा?

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
ऑपरेशनची तारीख विचारली.
मी पर्स उघडली, मिटली.
म्हटलं,
घरी विचारून सांगते.