फळ्यावरचा एक

रोज सकाळी मी फळा पुसतो.
समोर मैलभर वाळू, पलीकडे गॅनेट बेट.
ओहोटीला इथे रस्ता असतो, भरतीला नसतो.
एवढंच लिहायचं असतं मला:
कधी असतो, कधी नसतो.
बत्तीस वर्षं. खडू नगरपालिकेचा.

त्या दिवशी लिहिलं होतं:
रस्ता बंद, दुपारी १:४०.

डेल्फीन सुरेत, वय तेवीस.
तिचा ट्रक पोलिसांनी बरोबर मध्यावर अडवला,
वाळू जिथे सगळ्यात खोल आहे तिथे.
मागे शेवंडांचे सापळे. कुणाचे, ते ठरायचं होतं.
चोरले असतील. नसतील.
सोबतचा मुलगा उडी टाकून बेटाकडे पळाला.
हवालदार लेविटने तिचे हात पाठीमागे नेले, बेड्या घातल्या,
स्वतःच्या गाडीत बसवलं, पट्टा लावला
(हा नियम त्याने पाळला),
मागचं दार लावलं, जे आतून उघडत नाही,
आणि शिकाऊ पोराला घेऊन
त्या मुलामागे चालत गेला.
तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

फंडीचं पाणी लाटा घेऊन येत नाही.
खालून कुणी भांडं भरत राहावं तसं येतं,
आवाज न करता.
मी खिडकीतून पाहिलं तर गाडीची चाकं नव्हती.
गाडी होती.

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर, माझी पहार, मासे कापायचा सुरा.
काच फोडली तेव्हा
ती सीटवर गुडघे टेकून, मान वर करून,
छताशी उरलेल्या वीतभर हवेत श्वास घेत होती.
पट्टा तिने कसा सोडवला, विचारलं नाही मी.
मनगटं पाहिली.

किल्ली लेविटच्या खिशात, लेविट बेटावर,
मधे समुद्र.
तिकडून दोघं हात हलवत होते,
आम्हाला की होडीला, कळलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात ती पन्नास मिनिटं
बेड्यांसकट बसली, दुसरी गाडी येईपर्यंत.
चहाचा कप मी तिच्या तोंडाशी धरला.
दोन घोट झाल्यावर म्हणाली,
'नाक खाजवाल का जरा?'
खाजवलं.
मग ती रडली, आणि तेही मलाच पुसावं लागलं.

अहवाल सतरा पानांचा.
इंजिनात खारं पाणी. वायरलेस निकामी.
सीट, मॅट, एक टॉर्च, हवालदाराचा डबा.
सोळाव्या पानावर:
ताब्यातील व्यक्ती, किरकोळ खरचटलं.

चौकशीत वकील माझ्याकडे वळले.
मिस्टर थिबोडो, तुमचा एक
सातासारखा दिसतो, असं कधी कुणी म्हटलंय?
वय किती तुमचं? चष्मा कधी बदलला?
फळ्यावर सात चाळीस वाचलं असेल कुणी, तर?

मी काय बोलणार.
एक काढताना डोक्यावर एक शेपूट काढतो मी, हे खरं.
पण पाणी फळा वाचून येत नाही, म्हणालो.
ते नोंदवलं गेलं नाही.

लेविट म्हणाला, गाडी शिकाऊ पोराने लावली.
पोरगा म्हणाला, जागा साहेबांनी दाखवली.
साहेबांचे साहेब म्हणाले, प्रशिक्षण जिल्ह्याकडे असतं.
जिल्हा म्हणाला, भरती आमच्या अखत्यारीत येत नाही.
एकेक करून सगळ्यांनी हात वर केले.
तिला तेवढंच करता आलं नव्हतं.

पोरगा मात्र बाहेर मला गाठून म्हणाला,
मी मागे वळून पाहिलं होतं. एकदा.
पाणी चकाकत होतं. मला वाटलं, ऊन आहे.
मी त्याला काहीच म्हटलं नाही.
आजही वाटतं, म्हणायला हवं होतं,
पण काय, ते सुचत नाही.

लेविटची बदली झाली.
नव्या गावात समुद्र नाही, असं ऐकतो.
तळं आहे म्हणे.

आता मी आकडा काढत नाही.
अक्षरात लिहितो: एक. चाळीस.
रात्री उठून टॉर्च घेऊन
एकदा वाचून येतो, दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

डेल्फीन ऑक्टोबरात आली होती. चालत.
फळ्यासमोर उभी राहिली, घड्याळ पाहिलं,
रस्ता अजून दोन तास उघडा होता.
गेली नाही.
चहा केला. कप तिने स्वतः धरला,
दोन्ही हातांनी,
संपल्यावरही बराच वेळ.