फुगवट्याच्या काठी

हिमानीची सहल दापोलीला गेली
तेव्हा ती काविळीनं अंथरुणात,
उसाचा रस पीत, भिंतीकडे तोंड करून.
जानेवारीत मी तिला म्हटलं, चल,
आपल्याकडे आहे ते तरी पाहू.

भुसावळहून भाड्याचा तंबू, दोन घोंगड्या,
भरताची चार वांगी, फिकट हिरवी, जड,
आणि यांची जुनी दुर्बीण,
जिच्या डाव्या डोळ्यात बुरशी आहे.
हे गेल्यापासून ती कपाटातच होती.

हतनूर धरणाचा फुगवटा.
पलीकडच्या केळीच्या बागा म्हणजे नुसती हिरवी रेघ,
रेघेवर औष्णिक केंद्राचा धूर.
हिमानीनं आधी बोट बुडवून चाटलं.
"खारट नाही," म्हणाली,
डॉक्टर रिपोर्ट वाचतो तशी.

काठाकाठानं चालायला लागलो.
वाळू थोडी, गाळच जास्त,
वरून तडकलेला, आतून चप्पल ओढून घेणारा.
एक टिटवी आमची चुगली करत
पुढं पुढं जात राहिली,
त्यामुळे आम्ही पोचायच्या आत
सगळ्या बदकांना आम्ही ठाऊक.

सुपडू भोई होडी पालथी घालून
भेगांत डांबर भरत होता.
मी पुस्तकातली नावं सांगितली: चक्रवाक, धीवर, नदी सुरय.
तो ऐकून घेत राहिला, मग म्हणाला,
"आमी त्या लाल्याले सावकार म्हनतो.
जोडीनं फिरतो, आन् कोनाशी बोलत न्हाई."
मग ब्रशनंच पाण्याकडे दाखवून,
"तथी खाली माह्या बापाची डांगरवाडी व्हती.
उन्हाळ्यात तापीच्या रेतीत डांगरं.
आता तथी मासे ऱ्हातात."
हे त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही.
पत्ता बदलल्यासारखं सांगितलं.

दुपार कलताना हंस उतरले,
डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले,
बर्फाचे डोंगर ओलांडून आलेले,
आणि उतरल्या उतरल्या
हरभऱ्याच्या शेतात चरायला लागले,
जणू इथलेच, शेजारच्या गावचे.
हिमानी बुरशीच्या डोळ्यातूनच बघत राहिली.
"मावशी, यात धुकं पडलंय."
मी तिला दुसरा डोळा सांगितला नाही लगेच.
का, ते मलाही माहीत नाही.

संध्याकाळी तुराट्यांवर वांगी भाजली.
सुपडू मिरच्या घेऊन आला, बसला, जेवला,
आणि पाण्याकडे पाठ करून विचारलं,
"बाई, समुद्राले पलीकडं काठ ऱ्हातो का?"
असतो, म्हटलं, फक्त दिसत नाही.
त्यानं बोटं चाटली, विचार केला.
"मंग थो बी धरनच. थोडं मोठं."

रात्री कोल्हे एकदाच ओरडले, एकदम सगळे,
मग कुणीतरी दार लावावं तसे गप्प.
थंडी तंबूच्या खालून आली.
झोपेत हिमानीनं माझा पदर
मुठीत धरला, जाळं धरतात तसा.

सकाळी तंबूभोवती पावलं.
पाच बोटं, बोटांमधे पडद्याचा पुसट ठसा,
एक पूर्ण फेरी,
वांग्याच्या सालांशी थांबलेली,
मग सरळ पाण्यात गेलेली.
पाणमांजर, सुपडू म्हणाला,
आपन दोन वर्सं पाह्यली न्हाई.
हिमानीनं शेजारी आपला तळवा गाळात दाबला.
पुसू नका, म्हणाली, त्याला कळू दे.

परतताना एसटीत
तिच्या खिशातला शिंपला वास मारायला लागला.
पुढच्या बाकावरच्या बाईनं खिडकी उघडली.
हिमानीनं मला हळूच विचारलं,
"दापोलीत पोरी झोपल्यावर
त्यांना बघायला कोणी आलं असेल का गं?"
बस वरणगावच्या फाट्यावर थांबली.
केळीचा ट्रक गेला, मग दुसरा.
मी दुर्बिणीची काच
पदरानं पुसत बसले.
बुरशी आतून आहे. पुसून जात नाही.