फक्त एकदा

डॅलसमधलं यंत्र मी कधी पाहिलेलं नाही.
महिन्याला सत्तर डॉलर, चार आकड्यांचा पत्ता,
आणि त्याच्या पोटात
मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांचा सात वर्षांचा हिशोब :
कुणाचे किती रवे, कुठल्या आडतीवर,
पिवळा किती, काळपट किती.

आज त्याची जागं व्हायची रीत बदलायची आहे.
लिलो काढायचा, ग्रब घालायचा.
सातगोंडा म्हणाला, "त्यात काय अवघड हाय?"

अवघड एवढंच
की तिथं कुणी नाही.
पडद्यासमोर खुर्ची नाही, पडदाच नाही.
ते झोपलं आणि उठलंच नाही
तर शाहूपुरीच्या चौथ्या गल्लीतून,
स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या या खोलीतून
माझा हात किती लांब जाणार?

म्हणून आधी नक्कल.
डिस्कच्या अगदी तोंडाशी पाचशेबारा बाइट असतात,
एवढ्याशा जागेत घरात शिरायची सगळी वाट.
त्या उतरवून घेतल्या, दोन ठिकाणी ठेवल्या.
मग जुनं काहीच पुसलं नाही.
लिलोला त्याच्या जागेवर राहू दिलं,
ग्रबला बसवलं आतल्या खोलीत,
आणि लिलोच्या कानात सांगितलं :
या खेपेला, फक्त एकदा, त्याला उठवू दे.
पुढच्या खेपेला पुन्हा तूच.
आणि कर्नलला :
घाबरलास तर तिथंच गोठून बसू नको.
तीस सेकंद थांब, मागं फीर.

रात्री एक चाळीस. लोडशेडिंग दोनला.
मोडेम बॅटरीवर घेतला.
रीबूट लिहिलं.
एंटरवर बोट ठेवून
मी ती ओळ चार वेळा वाचली,
जशी आई कुलूप लावून झाल्यावर ओढून बघते.

दाबलं.

पिंगला उत्तर नाही.
उत्तर नाही.
उत्तर नाही.
खालून बागवानचाचा ओरडले,
"पोरी, अजून जागीच का?"
हो म्हणाले, पण मान वळवली नाही.
तिथं आता भर दुपार असेल,
थंड खोलीत शेकडो यंत्रं घुमत असतील,
आणि त्यातलं एक, माझं,
काय बघत असेल?
ग्रब कर्नलपर्यंत पोचलाच नसेल तर
तीस सेकंदांना काही अर्थ नाही,
हे मला ठाऊक होतं, आणि सातगोंडाला सांगितलं नव्हतं.

दोन वाजले. गल्ली काळी झाली.
पडदा तेवढा उजळ.

दोन वाजून तीन मिनिटांनी
एक ओळ आली. मग दुसरी.
आत शिरून बघितलं :
लिलो.
जुनाच लिलो, जुनंच कर्नल.
म्हणजे ग्रबनं उठवलं होतं,
कर्नलला डिस्क सापडली नाही,
ते घाबरलं, तीस सेकंद थांबलं,
आणि सांगितल्या वाटेनं घरी आलं.

मी हसले. एकटीच, अंधारात, मोठ्यानं.
यश आलं असतं तर एवढी हसले नसते.
हरलेलं परत येतं हे कळायला
एकदा हरावं लागतं.

चूक एका अक्षराची.
एस लिहायचं तिथं एच.
जुन्या यंत्रावर घरी तालीम केली होती ना,
त्याची डिस्क वेगळी, सवय तीच.

दुसऱ्या खेपेला ते उठलं,
ग्रबच्या हातून, नीट.
तेव्हा मी पाणी प्यायले.

सकाळी सातगोंडाचा फोन. यार्डात गाडी लागलेली,
हमालांचा आवाज, कुणीतरी भाव पुकारतंय.
"भाव दिसाय लागलेत. झालं का मग बदलून?"
झालं, म्हटलं. निम्मं.
तोंडाशी अजून लिलोच बसलाय.
"कवा काढणार त्याला?"

बघू, म्हटलं.
आठवडाभर ग्रबला रोज एकदाच म्हणून उठवते.
एकदाच, एकदाच करत
त्याला त्या घराची सवय होऊ दे.
मग एखाद्या दिवशी, दिवसाउजेडी,
लाईट असताना,
त्या पाचशेबारा बाइटांना हात लावीन.

नक्कल मात्र टाकणार नाही.